उजवी मूठ

शके १८३९, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

मालकांनी बीडहून येताना ही कोरी वही आणली. म्हणाले, तुझं तोंड दिवसभर चालतं, जरा हात चालव. माझं शिक्षण धूळपाटीपुरतं. थोरल्या भावाशेजारी बसून तो गिरवायचा ते बघितलं, तेवढंच. जोडाक्षर आलं की हात अडतो. पण लिहायला कारण आहे. माझ्या मुक्ताच्या किसनला सहावा महिना लागला, आणि केजच्या त्याच्या आजीनं, म्हणजे आमच्या इहीणबाई भामाबाईंनी, त्याचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. केजेत प्लेगाचे उंदीर पडायला लागले, माणसं गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिली. तेव्हा त्यांनीच निरोप धाडला की बाळंतिणीला एवढ्यात पाठवू नका. नाव तेवढं कळवलं, राधाकिशन. आम्ही किसन म्हणतो.

तर लेकरू कधी काय करायला लागलं ते सगळं इथं लिहायचं, आणि त्या आल्या की वाचून दाखवायचं. आपल्या लेकराचं काही चुकलं असं त्यांना वाटायला नको.

मागचं आधी लिहून टाकते. मुक्ता दोन दिवस कळा देत होती. रहेमतबी सुईण होती म्हणून दोघं वाचली. बाहेर आला तर स्वारी रडेचना. चांगला निळा होऊन पडला. रहेमतबीनं पाठ चोळली, तोंडावर पाणी मारलं, तेव्हा कुठं सावकाश रडला. अगदी मालकांवर गेलाय. त्यांनाही कशाची घाई नसते.

मान आश्विनात धरली. कार्तिकी एकादशीच्या आधल्या दिवशी पालथा पडला. डावा हात असा फेकतो आणि उजव्या कुशीवर वळतो, की बघत राहावं. उजवा हात पोटाखाली अडकतो, मग रडतो. आपण काढून द्यायचा.

मार्गशीर्ष वद्य द्वादशी

डाव्या हातानं माझी नथ ओढली. नाक लाल झालं. केवढी ताकद!

पौष, संक्रांतीचा दुसरा दिवस

किसनचं बोरन्हाण केलं. काळं अंगडं, हलव्याचे दागिने, आणि मधोमध पाटावर मुक्ताच्या मांडीला टेकून बसवला. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, तीळ ओतले. गल्लीतली पोरं तुटून पडली. एखादं लेकरू भ्यालं असतं, हा हसतोय. एक बोर पायाशी आलं ते डाव्या हातानं पटकन धरलं नि तोंडात घातलं. एक उजवीकडं पडलं होतं, अगदी मुठीला लागून. त्यासाठी सगळा वळला आणि पुन्हा डाव्यानंच उचललं. माझा बापही डावरा होता, विळा सुद्धा डाव्यानं चालवायचा. कुठलं काय कुठं उतरतं.

शेजारची छबुबाई म्हणाली, उजवी मूठ उघडत न्हाई का गं याची? मी म्हटलं, माझा नातू हातचं सोडणारा न्हाई. सगळ्या हसल्या. मुक्ता हसली नाही. तिला आजकाल हसू लवकर येत नाही. केजची आठवण येत असेल.

मूठ मी रोज उघडून पुसते. आत गोधडीचा कापूस नि आंबट वास. अंगठा आत घालून झोपतो, इतका गोड दिसतो.

माघ शुद्ध सप्तमी

बसला! रथसप्तमीला उन्हात वाकळ टाकली होती, त्यावर बसला. डाव्या हाताचा टेकू घेतला नि बसला. उजवीकडं कलतो, म्हणून तिकडं उशी लावते. मालक बाहेरून आले, चपला काढायच्या विसरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, बरं हाय. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे लई झालं.

माघ वद्य नवमी

आज लिहावंसं वाटत नव्हतं, पण लिहिते. जावईबापू मोहनरावांचं पत्र आलं. मालकांनी वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. केजेत आता सगळं ठीक आहे. भामाबाई आखितीला येणार, लेकराचं जावळ करणार आणि मायलेकरांना घेऊन जाणार. पण पुढं लिहिलंय की लेकरात काही खोट आहे असं कुणी तिकडं कानावर घातलं आहे. आई म्हणते आधी डोळ्यांनी बघेन. खोट असली तर मुक्ता आणि लेकरू तुमच्याकडंच राहतील. शिरूरच्या एका घरचे लोक दुसरेपणावर मुलगी द्यायला दोनदा येऊन गेलेत.

छबुबाईचा भाऊ केजेत राहतो. आता मला कळलं बोरन्हाणाला ती मूठ का बघत होती.

मुक्ताला पत्र ऐकवलं नाही. पण ती दाराआड होती. नंतर भाकरी थापताना तिच्या तीन भाकरी करपल्या.

खोट कसली? डावरा आहे एवढंच. पण खरं सांगायचं तर भामाबाईंच्या घरात डाव्या हातानं कुणी पाणी दिलं तरी त्या ओतून टाकतात. ते माझ्या डोक्यात आलं नि तेव्हापासून झोप नाही.

फाल्गुन शुद्ध द्वितीया

दोन महिने आहेत. मी उपाय काढलाय. किसनच्या अंगड्याची डावी बाही लांब ठेवली आणि खालून शिवून टाकली, पिशवीसारखी. हात आत. आता बघू डाव्यानं कसा धरतो. लहानपणी वळण लावलं की लागतं.

पहिल्या दिवशी इतका रडला की मालक उठून शेतात गेले. मुक्तानं दोनदा उसवायला हात घातला, मी तिला ओरडले. ती म्हणाली, आये, त्यानं होणार न्हाई गं. काय होणार नाही ते मात्र सांगेना.

फाल्गुन शुद्ध एकादशी

रांगायला लागला! म्हणजे चार पायांवर नाही. बसल्या बसल्या डावा पाय मारतो नि सरकतो, उजवा मागून ओढत येतो, चवडा ताणून, नाचणाऱ्या पोरीसारखा. सगळं अंगण फिरला. गुडघे घासायला नकोत म्हणून त्यानं आपली वेगळी युक्ती काढली, बघा.

बाही शिवलेलीच असते सकाळ ते संध्याकाळ. काल बोर ठेवलं तर उजव्या मुठीनं ढकललं. उचललं नाही. ढकललं.

फाल्गुन वद्य पंचमी

जसं झालं तसं लिहिते, मग झोपते.

रहेमतबी नेकनूरला एक बाळंतपण उरकून परत चालली होती, मी चहाला हाक मारली. म्हटलं तुझं लेकरू बघून जा, तुझ्याच हातावर आलेलं. किसन ओसरीवर बसला होता. डावी बाही शिवलेली, समोर चिंचेचं एक बुटुक, आणि तो उजव्या मुठीनं ते आपल्याकडं ओढत होता. रहेमतबी उंबऱ्यातच थांबली.

मग म्हणाली, बाही कुणी शिवली?

म्हटलं मी शिवली, डावरा होऊ नये म्हणून. तिनं काही बोलायच्या आधी कात्री मागितली. बाही उसवली. हात-पाय धुतले, पदर खोचला आणि किसनला मांडीवर घेतलं. पुढं तिनं जे केलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. आधी खुळखुळा या कानामागं वाजवला, मग त्या. दोन्हीकडं वळला. ती म्हणाली, कान चांगले. डोळ्यांपुढून लाल दोरा फिरवला. डोळे चांगले. पितळी ताटलीत ज्वारीचा एक दाणा ठेवला. किसननं डाव्या चिमटीत उचलला, अगदी सोनारासारखा. मी म्हटलं बघ. तिनं डावा हात धरून ठेवला आणि दुसरा दाणा ठेवला. उजवी मूठ ताटलीवर नुसती घासत राहिली. दाणा खाली पडला.

मग वाकळीची चौपदरी घडी केली, किसनला कमरेला धरून वर उचललं आणि एकदम तोंडावर खाली झुकवलं, पडल्यागत. मी किंचाळले. ती म्हणाली, लेकरू पडाया लागलं की दोनी हात पुढं टाकतंय, बाई, त्याला शिकवावं लागत न्हाई. किसनचा डावा हात पुढं आला, पंजा उघडून. उजवा छातीशी तसाच. तिनं पुन्हा केलं. पुन्हा तसंच. मी म्हटलं, त्याला ठाऊक हाय तू पाडणार न्हाईस, म्हणून कशाला दोन हात. तिनं किसनला खाली ठेवलं.

मग म्हणाली, तू वही लिहितेस म्हणं. वाच.

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, झाला. एवढे दिवस लिहिलं, कुणीतरी ऐकतंय. आणली वही, सुरू केलं. पालथा पडला, डावा हात फेकून. उजवा पोटाखाली अडकतो. नथ ओढली, डाव्या हातानं. बोर उचललं, डाव्या. मुठीला लागून पडलेलंही डाव्यानंच. बसला, डाव्या हाताचा टेकू. उजवीकडं कलतो. मूठ उघडून पुसते. उजवा पाय मागून ओढत येतो.

मी बोट ठेवून पानं पुन्हा उलटी चाळली. अक्षरं माझीच. माझ्याच हातची. एकदासुद्धा, एका पानावर सुद्धा, उजव्यानं काही केलं असं लिहिलेलं नव्हतं.

रहेमतबी म्हणाली, डावरा लेकरू दोन-अडीच वर्साचा झाल्यावर कळतंय. सहा महिन्याचं लेकरू दोनी हात चालवतंय. ह्यो डावरा न्हाई, केसरबाई. ह्येचा उजवा हात निजलाय. जन्मताना रडला न्हाई, तवाच झालं आसंल.

मुक्ता चुलीपुढं बसली होती. उठली नाही, वळली नाही. तिला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं.

फाल्गुन वद्य षष्ठी

काही लिहायचं नाही.

फाल्गुन वद्य दशमी

रहेमतबी पुन्हा आली. मी म्हटलं, तेव्हा कळलं होतं तर सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, कळलं न्हवतं, भ्या वाटलं हुतं. तेवढ्यावर लेकुरवाळ्या घरात कोण बोलंल.

मग जे बोलली ते ऐकून मी थक्क झाले. म्हणाली, तू अडाणीपणानं का हुईना, चांगलं केलंस. नेकनूरच्या एका लेकराचा असाच हात होता, आणि त्याचा बरा हात भाजला म्हणून फडक्यात बांधला होता दीड महिना. भाजलेलं बरं झालं तोवर निजलेला हात भाकरी धरायला लागला. पुरता कधी झाला नाही, पण कामापुरता झाला. तेव्हा बाही शिवायची. फक्त सकाळ ते संध्याकाळ नाही, तेवढ्यानं लेकरू चिडतं नि खात नाही. सकाळी एक दळण होईपर्यंत आणि दुपारी एक. आणि तेवढ्या वेळात त्याच्यापुढं त्याला हवं ते ठेवायचं, उजवीकडं, आणि आपण हात लावायचा नाही. हेच अवघड, ती म्हणाली. आणि निजताना अंगठा मुठीतून काढून तेल चोळायचं, टाच हळूच खाली ताणायची.

किती दिवस? मी विचारलं. ती म्हणाली, दिवस मोजू नको.

शके १८४०, चैत्र शुद्ध प्रतिपदा

गुढी उभारली. गाठीतला एक बत्तासा किसनच्या उजवीकडं ठेवला. दळण संपलं तरी पोहोचला नाही. रडून रडून उचकी लागली. मी पाठ करून बसले. मालक म्हणाले, दे की बाई त्याला. मी म्हटलं, तुमी शेतात जा.

चैत्र शुद्ध नवमी

बत्तासा ओढला. उजव्यानं. मी लिहिते: उजव्यानं.

चैत्र वद्य चतुर्थी

अंगठा जागेपणी बाहेर दिसला. उजवा. मी हात लावला नाही, श्वाससुद्धा घेतला नाही. मग आत गेला.

चैत्र वद्य अमावास्या

तीन दिवस राहिले. मुक्तानं आज नवं अंगडं शिवून दाखवलं, जांभळं, खणाचं. सुंदर शिवलंय. दोन्ही बाह्या लांब, उजवी जरा जास्त, पुढं झालर. मूठ आत जाते, बाहेरून काही दिसत नाही. म्हणाली, आये, एवढा एक दिवस. त्यांनी मांडीवर घ्यावं, जावळ व्हावं, गाडीत बसावं. पुढचं पुढं.

मी म्हटलं, आणि तिकडं गेल्यावर?

ती म्हणाली, तिकडं गेल्यावर मी त्यांची सून आसंन. हितं राहिले तर कोण आसंन?

माझी एकच लेक. एकवीस वर्षांची. मी झालर हातानं सारखी केली आणि म्हटलं, छान झालीय.

वैशाख शुद्ध तृतीया, आखिती

मातीचे करा-केळी पाण्यानं भरून ठेवले, पुरण वाटलं. दमणी आली तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. भामाबाई उतरल्या. उंच बाई, बोलणं कमी. मागून जावईबापू. त्यांनी मुक्ताकडं एकदाच बघितलं, मग जोड्यांकडं बघत राहिले.

भामाबाईंनी पाणी घेतलं नि लगेच लेकरू मागितलं. मुक्तानं दिलं, डावी बाजू त्यांच्याकडं करून. किसन एवढा गुणाचा, डाव्या हातानं त्यांची बोरमाळ धरली नि हसला. त्यांनी डोळे बघितले, कान बघितले, डोकं चाचपलं, मांडीवर उभा केला. मी मध्येच उजवा पाय धरला, म्हटलं ऊन लई हाय, आत बसू. जावळाला मामा म्हणून माझा भाचा बसला, केस उतरले, ओवाळलं. डावरेपणाबद्दल त्या एवढंच बोलल्या, की वळण लावावं लागेल.

जेवणं झाली. भामाबाई म्हणाल्या, मुक्ते, बोचकं बांध, ऊन उतरलं की निघू. केजेत कुणीतरी उगीच तोंड वाजवलं.

झालं. सगळं झालं होतं. मुक्ताच्या तोंडावर वर्षानं रंग आला. ती आत पळाली. गड्यानं बैल आणले. मी किसनला घेऊन ओसरीवर बसले, आणि सवयीनं अंगठा काढायला बाहीत हात घातला. मूठ गच्च होती. दोन दिवस पाहुण्यांच्या गडबडीत बाही शिवली नव्हती. नुसत्या दोन दिवसांत. मग डोक्यात आलं, केजेत ही झालर कोण वर करील? मुक्ता? सासूच्या देखत? जी गोष्ट नाहीच, तिच्यासाठी रोज सकाळी दळणभर बरा हात कोण बांधील?

मी उठले आणि भामाबाईंपुढं जाऊन बसले. बाही वर सारली.

त्यांनी बघितलं. मुठीला बोट लावलं. त्यांचा चेहरा हलला नाही. म्हणाल्या, सकाळीच सांगायला काय झालं हुतं?

मी म्हटलं, भ्याले.

आन् आता?

आता जास्त भ्याले.

मुक्ता बोचकं घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडं जसं बघितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. बोचकं खाली ठेवलं आणि तिथंच भिंतीला टेकली.

मी सगळं सांगितलं. रहेमतबीचं, बाहीचं, बत्ताशाचं. वही दाखवली. भामाबाईंना अक्षर येत नाही. त्यांनी जावईबापूंना वाचायला लावलं, पहिल्या पानापासून. ते वाचत होते, मी भुईकडं बघत होते. माझाच मूर्खपणा दुसऱ्याच्या तोंडून. नाचणाऱ्या पोरीसारखा चवडा. रथसप्तमीच्या पानावर, लेकरू पहिल्यांदा बसलं तिथं, त्यांचा आवाज थांबला. मग पुढं वाचलं.

संपल्यावर भामाबाई म्हणाल्या, बांधा त्यो हात. मला दाखवा.

जांभळ्या खणाची डावी बाही मी शिवली. सुईत दोरा जाईना, शेवटी जावईबापूंनी ओवून दिला. पुरणपोळीचा तुकडा उजवीकडं हातभर लांब ठेवला. किसननं डावी बाही झटकली. रडला. सरकला. मूठ टेकवली, घसरली. गडी विचारायला आला, बैल जुंपू का, त्याला जावईबापूंनी हातानं थांबवलं. छबुबाई कुंपणावरून बघत होती. मालकांनी तुकडा जवळ सरकवायला हात पुढं केला, भामाबाई म्हणाल्या, पाटील, हात मागं. नेमकं रहेमतबीनं सांगितलेलं, एकदा ऐकलं नि त्यांनी धरलं.

ऊन ओसरीच्या पायरीवरून खाली गेलं. तेव्हा कुठं मूठ तुकड्यावर पडली. ओढली. आणि बोटं उघडली, चार नाही, दोन, आणि तुकडा आत घेतला. चुरा झाला. मग मूठच तोंडात घालून पुरण चाटत बसला. गालावर आसवं तशीच.

भामाबाई उठल्या, चूळ भरली. जावईबापूंना म्हणाल्या, शिरूरच्या लोकांना सांगावा धाड. येऊ नका म्हणाव. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, मी अजून रागातच हाय, केसरबाई. झाकलेलं मला चालत न्हाई. दळण किती घालायचं, शेराचं का दोन शेराचं, ते नीट सांगा.

वैशाख शुद्ध चतुर्थी

काल उशीर झाला म्हणून मुक्काम पडला. आज पहाटेच बैल जुंपलेत, उन्हाच्या आत निघायचंय. मुक्ता माझ्याशी बोलली नाही. पण दमणीत बसताना किसनचा उजवा हात माझ्या गालाला लावला. तिनं लावला, त्यानं नाही. तेवढं खरं लिहिते.

भामाबाईंनी वही मागितली. म्हणाल्या, मागचं ठाऊक नसेल तर पुढचं कसं कळणार. मला वाटलं होतं ती माझ्याजवळ राहील, लेकरू गेल्यावर वाचायला. पण बरोबर आहे त्यांचं. दाराशी उभ्या आहेत, मी एवढ्या ओळी संपवून देते.

मुक्ते, निम्मी पानं कोरी आहेत. उभा राहिला की लिही, चालला की लिही. माझ्यासारखं कौतुक लिहिलंस तरी चालेल. फक्त कुठला हात, कुठला पाय, ते दर वेळी लिहीत जा.